धीवराची साक्ष : वऱ्हाडातील पाणी, मासे आणि मत्स्यन्याय

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाआधीच्या प्रवेशकात एक धीवर येतो. त्याचे हात बांधलेले आहेत आणि नगररक्षक त्याला मारत मारत नेत आहेत. राजमुद्रा असलेली अंगठी त्याच्यापाशी सापडली, हा त्याचा अपराध. रोहित जातीचा मासा चिरताना ती त्याच्या पोटात मिळाली, असे तो सांगतो. पण ते ऐकून घेण्याआधी त्याच्या धंद्याची टवाळी होते. तो मागधी प्राकृतात, शांतपणे, आपल्या वंशपरंपरागत कर्माची बाजू मांडतो. पुढे राजाकडून बक्षीस येते आणि त्यातला अर्धा वाटा तो रक्षकांनाच देऊन टाकतो. हा प्रवेश आपण विनोदी म्हणून शिकतो आणि शिकवतो. आमच्या मते त्यात एक ऐतिहासिक निरीक्षणही आहे. मासे धरणारा माणूस आपल्या वाङ्मयात आणि दप्तरांत बोलू लागतो तो बहुधा आरोपी, करदाता किंवा जातीच्या यादीतली एक नोंद म्हणून. पाण्याविषयीचा जाणकार म्हणून त्याची साक्ष क्वचितच घेतली गेली आहे.

ही साक्ष आम्ही वऱ्हाडात शोधू पाहत आहोत, याचे कोणास नवल वाटेल. मत्स्यसंवर्धन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोकणची किनारपट्टी येते, आणि अमरावती-अकोल्याचे नाव कापसाशी जोडलेले असते. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण काळ्या जमिनीची आहे, पाण्याची नव्हे. परंतु नकाशा उघडला की दिसते ते असे : अमरावती जिल्ह्यातूनच एक मोठा जलविभाजक जातो. पश्चिमेकडचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. पूर्वेकडचे पाणी वर्धेत जाते आणि प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. एकाच जिल्ह्यातील दोन शेतांवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांकडे निघतो. ही वर्धा म्हणजे ‘मालविकाग्निमित्रा’तील वरदा, विदर्भाच्या राज्याची वाटणी करताना अग्निमित्राने तिलाच सीमा ठरवले आहे. आमच्या इतिहासात नदी येते ती पुष्कळदा अशी सीमा होऊन. तिच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मागे राहतो.

समुद्राची एक आठवण तर वऱ्हाडच्या जमिनीखालीच आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ओलिताची पंचाईत. येथे पूर्वी समुद्र होता, असे लोक सांगत आले. अभ्यासकांनी या खारेपणाची कारणे नदीच्या गाळाचे जाड थर, पाण्याचा अपुरा निचरा आणि बाष्पीभवन यांत शोधली आहेत. एकेकाळी येथील खाऱ्या विहिरींतून मीठही काढले जाई. तो धंदा ब्रिटिश अमदानीत बंद पडला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातील ९३२ खारपाणग्रस्त गावे घेतली गेली. ज्या प्रदेशात विहीर खारी, तेथे नदीतले आणि तलावातले गोडे पाणी हाच जीवनाचा आधार, आणि माशांना हे दुप्पट लागू पडते.

प्राचीन ग्रंथांकडे वळल्यास एक गोष्ट लक्षात येते. राज्यसंस्थेची गरज सांगताना आपल्या परंपरेने जो दृष्टांत निवडला तो माशांचा. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा ‘मत्स्यन्याय’ महाभारतातही आहे आणि ‘अर्थशास्त्रा’तही. त्याहून जुनी ‘शतपथब्राह्मणा’तील मनूची कथा. मनूच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा म्हणतो की, आम्ही लहान असेतो आम्हांला मोठ्या माशांचे भय असते. तेव्हा मला आधी घड्यात ठेव, मग खड्ड्यात, आणि मोठा झालो की समुद्रात सोड. प्रलयाच्या कथेकडे आपले लक्ष इतके लागते की तिच्या आरंभीचा हा तपशील निसटतो. लहान माशाला वाढू द्यावे, मग मोकळ्या पाण्यात सोडावे, ही मत्स्यपालनाची आणि मत्स्यसंरक्षणाची मूळ कल्पना त्यात जशीच्या तशी आहे.

राजसत्तेने ही कल्पना दोन अंगांनी वापरली. कौटिल्याने सेतूंमधील, म्हणजे बांधलेल्या जलाशयांमधील, मासे, नावा आणि पाणभाजी यांवर राजाचे स्वामित्व सांगितले. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास बंदी आहे. पहिल्यात महसूल आहे, दुसऱ्यात संयम. विदर्भापुरते सांगायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील मौर्यकालीन प्राकृत शिलालेखातही प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई केलेली आढळते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या उल्लेखामुळे मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाची रीत यांचे त्यात तपशीलवार वर्णन येते. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या त्या मजकुरातील ज्ञान राजाचे नसावे, हे उघड आहे. कोणता मासा खडकात राहतो आणि कोणता गाळात, हे पाण्यात उतरणाऱ्यांनी सांगितले असणार. त्यांची नावे मात्र ग्रंथात नाहीत.

वऱ्हाडात पाण्यात उतरणारे म्हणजे भोई आणि धीवर. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिकोशात धीमरांचे जे उद्योग दिले आहेत त्यांवरून हा एकच एक धंदा नव्हता, हे कळते. मासे धरणे, पालखी वाहणे, घरोघर पाणी भरणे, तळ्यात शिंगाडे लावणे, चणे-फुटाणे भाजून विकणे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या करणे, असे सारे वर्ष त्यांनी पाण्याच्या चढउताराशी जुळवून घेतले होते. आमच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. जो माणूस वर्षभर केवळ मासेच धरतो त्याला पाण्यावर अखंड ताण द्यावा लागतो. जो ऋतूप्रमाणे काम बदलतो त्याच्या हातून पाण्याला आपोआप विसावा मिळतो. रेल्वे आली, सडका झाल्या, पालखी गेली. पुढे नळ आले आणि पाणी भरणेही गेले. नदीवर धरणे झाली तसतशी वाळूतली वाडीही आक्रसली. उरला तो मासा. आणि त्याच्यावरचा ताण वाढला तो हावेपोटी नव्हे, इतर दारे बंद झाल्यामुळे. महाराष्ट्र शासनाच्या यादीत भोई, झिंगा भोई, कहार, केवट, धीवर या समाजांची नोंद भटक्या जमाती (ब) या वर्गात आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच नदीच्या काठी राहणाऱ्या लोकांना ‘भटके’ हे नाव मिळावे, यातला विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. जमिनीचा सातबारा हा स्थिरतेचा एकमेव पुरावा मानला की पाण्यावर जगणारा माणूस कागदावर अस्थिरच ठरतो.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले, आणि कापूस हा येथील कारभाराचा मध्य झाला. लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर असो की अकोला (१९१०) आणि अमरावती (१९११) या जिल्ह्यांचे पुढचे खंड असोत, त्यांची खरी आस्था जमीन, पीक आणि सारा यांत आहे. वऱ्हाडची जमीनव्यवस्था मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी होती. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूला मालगुजारी तलावांची मोठी परंपरा होती, आणि तलावाबरोबर त्यातल्या पाण्याच्या व माशांच्या हक्कांची चर्चाही अटळ होती. वऱ्हाडात सर्वे नंबर शेताला पडला. डोहाला आणि ओढ्याला तसा धनी नव्हता. ज्याला धनी नाही त्याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

याच काळात हिंदुस्थानातील मत्स्यसंपत्तीविषयी पहिली मोठी सरकारी चौकशी झाली. मद्रासच्या सैन्यातील शल्यचिकित्सक आणि पुढे मत्स्यखात्याचे महानिरीक्षक झालेले फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातील माशांवरील अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक डोळ्यांची जाळी, पिल्लांची सरसकट धरपकड, प्रवाहावर बसवलेले पक्के सापळे आणि माशांना वर चढण्यास वाट न ठेवता बांधलेले बंधारे ही ऱ्हासाची कारणे त्यांनी मांडली. यांतील शेवटचे कारण सरकारच्याच पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवणारे होते. कायदा व्हायला आणखी चोवीस वर्षे लागली. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाच्या चौथ्या कलमाने सुरुंगाच्या दारूने आणि पाचव्या कलमाने विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. सहाव्या कलमाने प्रांतिक सरकारांना निवडक पाण्यांपुरते जाळ्यांचे व सापळ्यांचे नियम करण्याचा, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकार दिला.

या कायद्यात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे पाहिले पाहिजे. सातपुड्यातील आदिवासींमध्ये वनस्पतींचा रस पाण्यात कालवून मासे भुलवण्याची जुनी रीत होती. ती सहसा लहान डोहापुरती असे आणि साऱ्या वस्तीचा तो एक दिवसाचा उद्योग असे. सुरुंगाची दारू हाती आली ती खाणी, सडका आणि रेल्वे यांच्या कामांबरोबर. कायद्याने दोहोंना शेजारच्या कलमांत बसवून एकच शिक्षा ठेवली. बंधाऱ्याला मात्र शिक्षा नव्हती. शिवाय वऱ्हाडची घटनात्मक स्थिती विचित्र होती. नाममात्र स्वामित्व निजामाचे असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढावी लागे. १९०२ च्या करारानंतर आणि मध्य प्रांताशी जोडणी झाल्यावरही हे वेगळेपण टिकले. कायद्यांच्या एकसारखेपणासाठी १९४१ मध्ये खास बेरार लॉज अ‍ॅक्ट करावा लागला. निजाम, इंग्रज, मध्य प्रांत, १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र, एवढी दप्तरे पूर्णेच्या एकाच डोहावरून गेली.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाडात पाण्याचा चेहराच पालटला. नद्यांवर धरणे झाली : काटेपूर्णा, वाण, शहानूर, चंद्रभागा, आणि सर्वांत मोठे वर्धेवरचे सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा. अप्पर वर्धाचा उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर आहे, तर अकोल्याची तहान भागवणाऱ्या काटेपूर्णेचा सुमारे ८६. मासेमारी नदीतून जलाशयात आली. त्याच सुमारास तंत्रही बदलले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोवर मत्स्यबीज नदीच्या पुरातून गोळा करावे लागे. आता ते केंद्रात तयार होऊ लागले. गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ देशभरच्या जलाशयांत सोडले गेले. शाकुंतलातील ‘रोहित’ असा वऱ्हाडात आला, जिरे आणि बोटुकली होऊन, पिशवीतून. याने अन्न वाढले, रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणणे आले, त्यासाठी भांडवल आले, आणि भांडवलाबरोबर भांडवलदार आला.

कागदावर व्यवस्था सहकाराची आहे. जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून, आणि ठेकेदार म्हणून स्थानिक मच्छीमारांची सहकारी संस्था. ठेक्याची मुदत, रक्कम आणि प्राधान्य यांचे शासननिर्णय वेळोवेळी बदलत आले. सभासद भोई, पण पैसा आणि बाजार व्यापाऱ्याच्या हाती, ही तक्रार मच्छीमारांच्या संघटनांनी वारंवार केली आहे. शाकुंतलातील धीवराने बक्षिसाचा अर्धा वाटा रक्षकांना दिला, तो त्याच्या औदार्यामुळे की परिस्थितीमुळे, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थ्यांना त्याचे उत्तर आजच्या तलावावरही शोधता येईल. ठेक्याची मुदत थोडी असली की धरणाऱ्याला पुढच्या वर्षाची खात्री नसते. आणि ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही तो आजची पिल्ले का सोडील? संवर्धनाचा प्रश्न येथे नीतीचा उरत नाही, मुदतीचा होतो.

या व्यवस्थेच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे. धरणातील पाण्याचे दोन भाग केले जातात : ‘उपयुक्त साठा’ आणि ‘मृत साठा’. कालव्याच्या दारापेक्षा खाली जे उरते ते मृत. उन्हाळ्याच्या अखेरीस उपयुक्त साठा संपत आला की धरणातील सगळे मासे कोठे असतात? त्याच मृत साठ्यात. पुढच्या पावसाळ्यात ज्यांनी अंडी घालायची ती मोठी मादी तेथेच तग धरून असते. दुष्काळी वर्षी मृत साठ्यातून पाणी उचलण्याची वेळ येते, आणि शहराच्या तहानेपुढे कोणी आक्षेप घ्यावा असेही नाही. परंतु ज्या पाण्याला आपण आधीच मृत म्हटले आहे, त्यातल्या जिवांचा विचार निर्णयाच्या टिपणीत येणार कोठून? अप्पर वर्धाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला देण्यावरून २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला, तो न्यायालयातही गेला. त्या वादाची मांडणी सिंचन विरुद्ध उद्योग अशी होती. शेतकऱ्यांचा आवाज त्यात रास्तपणे उमटला. जलाशयावर पोट असलेल्या मच्छीमारांसाठी त्या मांडणीत रकाना नव्हता.

या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाला या कथेतला हंस आठवतो. गुजराती कवी प्रेमानंद याच्या सतराव्या शतकातील ‘नळाख्याना’त मात्र माशांचाही प्रसंग आहे : वनवासात भुकेल्या अवस्थेत मिळालेले मासे दमयंतीच्या अमृतस्पर्शाने जिवंत होऊन पाण्यात निसटतात, आणि त्यांवरून त्या जोडप्यात संशय शिरतो. महाभारतातील मूळ उपाख्यानात हा प्रसंग नाही. भूक आणि माशाचे जिवंत राहणे यांतला पेच लोककथेने असा ओळखला होता. जलाशयाला हे नाव देणाऱ्यांच्या मनात तो प्रसंग असण्याची शक्यता थोडी, पण पेच तोच आहे.

हा पेच सोडवण्याचे दोन प्रचलित मार्ग वऱ्हाडात शेजारी शेजारी दिसतात. उत्तरेस मेळघाट. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून सिपना, गडगा, खापरा या नद्यांचे पुष्कळसे पाणी संरक्षित क्षेत्रात आहे. मूळच्या माशांना तेथे आसरा मिळाला, पण कोरकूंच्या हातचा गळ बेकायदा ठरला. खाली मैदानात जलाशय. तेथे उत्पादनाचा आकडा हाच निकष. एकीकडे माणूस वगळून मासा, दुसरीकडे नदी वगळून मासा. दोहोंच्या मध्ये तिसरे काही आहे का? रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. समुद्रावर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमानंतर आता १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, आणि कोळी समाजाच्या नारळी पौर्णिमेच्या जुन्या संकेताशी तिचा मेळ बसतो. भंडारा-गोंदियात धीवरांच्या संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मूळच्या माशांसाठी जागा केली. या तिन्ही उदाहरणांत नियम पाळणारे आणि नियमाचा अर्थ जाणणारे लोक तेच आहेत.

वऱ्हाडासाठी यातून निघणारे धडे फार मोठे नाहीत, पण नेमके आहेत. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध निघतात तेव्हा ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी त्यांना काही आठवडे अभय हवे. ठेक्याची मुदत माशाच्या वाढीशी जुळणारी हवी. मृत साठ्यातला काही भाग माशांचा म्हणून लिखित स्वरूपात राखून ठेवला पाहिजे. १९५२ मध्ये देशात आणलेली तिलापिया, किंवा २००० मध्ये बंदी घातल्यावरही चोरून पोसला गेलेला थाई मांगूर, अशा परक्या माशांबाबतचे निर्णय काठावरच्या लोकांना विचारून व्हावेत. कारण मरळ आणि वाम केव्हापासून कमी झाले, हे प्रथम त्यांच्याच जाळ्याला कळते.

शेवटी आपल्या क्षेत्राविषयी. गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मले. त्यांच्या ‘पूर्णामायची लेकरं’ या कादंबरीने पूर्णाकाठची बोली मराठी वाचकांपर्यंत नेली. नदीला माय म्हणणारी ती बोली अजून जिवंत आहे, पण तिच्यातली माशांची, जाळ्यांची, डोहांची आणि पाण्याच्या रंगांची नावे बोलणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. जलाशयात चार-पाच जातींचेच मासे उरले की बाकीच्यांची नावे उच्चारण्याचे कारणही उरत नाही. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत बोलीचे प्रकल्प होतात. त्यांतला एखादा भोईपुऱ्यात नेता येईल. नाव, तो मासा कोणत्या पाण्यात दिसे, कोणत्या महिन्यात, शेवटचा केव्हा पाहिला, एवढे चार रकाने पुरेत. प्राणिशास्त्राच्या विभागाला ती यादी उपयोगी पडेल, आणि ठेक्याचे धोरण पुन्हा बदलेल तेव्हा मच्छीमारांच्या संस्थेलाही. धीवराची साक्ष त्याच्या स्वतःच्या भाषेत, हात मोकळे असताना नोंदवून घेण्याचे काम आपले आहे, असे आम्हांस वाटते.